पगार फंडाचा, हुकूम कमिशनरचा

मुंबई इलाख्याची १८८०च्या दशकातली जिल्हा गॅझेटियरे चाळली, की आरोग्याच्या मजकुराच्या शेवटी लसीकरणाचा एक लहानसा परिच्छेद हटकून सापडतो. जिल्हा बदलला तरी परिच्छेदाचा साचा तोच. देवी काढणारे किती, त्यांचा पगार किती, वर्षभरात किती पोरांना टोचले, त्यांत मुलगे किती, मुली किती, हिंदू किती, मुसलमान किती, वर्षाच्या आतली किती. आणि अगदी शेवटी, खर्च किती झाला व तो कोणी सोसला. वाचणारा बहुधा इथवर येईतो कंटाळलेला असतो. मला मात्र सगळ्या परिच्छेदात तीच ओळ महत्त्वाची वाटते. देखरेख करणाऱ्या साहेबांचा खर्च सरकारी तिजोरीतून, टोचणाऱ्यांचा पगार तालुक्यांच्या लोकल फंडातून, आणि जिथे म्युनिसिपालिटी असेल तिथे तिच्या खिशातून. म्हणजे पगार एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा. सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या पठाराखालच्या एखाद्या वाडीतल्या पोराच्या दंडावर लस पडली की नाही, याचे बरेचसे उत्तर या वाटणीत आहे.

टोचणाऱ्याचा पगार त्या काळी वर्षाला १६८ रुपयांपासून २८८ रुपयांपर्यंत असे. महिन्याचे चौदा ते चोवीस रुपये. या पैशात त्याने तालुका पायी तुडवायचा, मुले गोळा करायची, टोचायचे, आठवड्याने परत येऊन फोड तपासायचे आणि वह्या लिहायच्या. हा पैसा ज्या लोकल फंडातून येई, तो शेतसाऱ्यावरच्या पट्टीचा. १८६०च्या दशकात मुंबई सरकारने सारा भरणाऱ्या रयतेकडून रुपयामागे एक आणा जास्त घ्यायला सुरुवात केली आणि १८६९च्या कायद्याने त्या वसुलीला पक्के रूप दिले. जमा झालेल्या पैशाचा एक तृतीयांश शाळांना आणि दोन तृतीयांश रस्ते, विहिरी, धर्मशाळा वगैरे कामांना. दवाखाना आणि लस त्या ‘वगैरे’त. तेव्हा पाचगणीजवळच्या दांडेघरच्या किंवा खिंगरच्या शेतकऱ्याला लस फुकट मिळत होती, हे सरकारी बोलणे तितकेसे खरे नाही. आणा त्याने आधीच भरलेला होता.

ही व्यवस्था एकदम उभी राहिली नाही. मुंबईत पहिली लस टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे टप्पे घेत आली होती. ॲनाच्या हातावरच्या फोडातली लस मुंबईतल्या आणखी मुलांना दिली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे निघाली. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत पुण्याच्या रेसिडेन्सीतले डॉक्टर थॉमस कोट्स दख्खनमध्ये देवी काढण्याचे काम पाहत. लोणी या गावाची बारीकसारीक पाहणी करून ठेवणारे कोट्स ते हेच. गावगाडा जवळून पाहिलेल्या माणसाच्या हाती हे काम पहिल्यांदा आले, हा योगायोग चांगला होता.

१८२७ मध्ये मुंबई सरकारने ठरवले, की लस घेऊन दवाखान्यात बसायचे नाही, टोचणाऱ्याने गावोगाव हिंडायचे. इलाख्याचे विभाग पाडले, प्रत्येकावर एक सुपरिंटेंडंट नेमला आणि त्याच्या हाताखाली देशी टोचणारे दिले. ही ‘मुंबई पद्धत’ म्हणून पुढे हिंदुस्थानभर ओळखली गेली. सातारा तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा झाले १८४८-४९ मध्ये, आणि मग सातारा जिल्हाही या फिरत्या यंत्रणेचा रीतसर भाग झाला. पुढे १८६०च्या दशकात सॅनिटरी कमिशनर हे पद आले आणि लसीकरणाचे सुपरिंटेंडंट त्याचे उपकमिशनर झाले. जन्ममृत्यूची नोंद, पटकीचा अहवाल, जत्रेतली स्वच्छता आणि देवी काढणे ही सगळी कामे एकाच खुर्चीखाली गेली.

फिरायचे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहिले पाहिजे. सुरुवातीची पद्धत हातावरून हातावर लस नेण्याची. एका मुलाला टोचले की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर पाण्याने भरलेला टपोरा फोड तयार होतो. त्या फोडाला टोचून निघालेला द्रव पुढच्या मुलाच्या दंडावर ओरखडा काढून त्यात भरायचा. म्हणजे टोचणाऱ्याला पुढच्या गावी नुसती पिशवी नेऊन भागत नसे, फोड पिकलेले एक मूल न्यावे लागे. कोणती आई आठ दिवसांपूर्वी टोचलेले, अंगात कणकण असलेले मूल परक्या माणसाबरोबर दुसऱ्या गावी पाठवेल? मग बापाला बरोबर घ्यायचे, त्याला काही पैसे द्यायचे, पोराला खाऊ द्यायचा. शिवाय कोणाच्या पोराची लस कोणाच्या पोराला, हा जातीचा प्रश्न प्रत्येक चावडीवर उभा राहणार. आठव्या दिवशी पोर मिळाले नाही की साखळी तुटली आणि टोचणारा रिकाम्या हाताने तालुक्याला परत. साऱ्या इलाख्याची लस अशी कुठल्या ना कुठल्या पोराच्या दंडावर आठवडाभरासाठी जिवंत असे.

आईबापांच्या विरोधाबद्दल साहेबलोकांच्या अहवालांत बरेच लिहिलेले असते आणि त्यात ‘अडाणी’ हा शब्द उदारहस्ते वापरलेला असतो. पण घरात देवी निघाल्या की काय करायचे, याची रीत घराघरांत ठरलेली होती. कडुनिंबाचे डहाळे टांगायचे, फोडणी करायची नाही, परक्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, शितळेला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. आलेला गेला पाहिजे, त्याला डिवचायचे नाही, असा त्यामागचा विचार. धडधाकट पोराच्या अंगात मुद्दाम पू घालणे हे त्या विचारात बसतच नव्हते. त्यात दोनचारदा लस नासकी निघाली, दंड सुजला, की आधीच्या वर्षीचे सगळे काम धुऊन निघे. माझ्या मते विरोधाचे खापर शितळेवर फोडण्याआधी नासक्या लसीवर फोडायला हवे होते.

आता पाचगणी. हे गाव गाव म्हणून नवे आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच खेड्यांच्या मध्ये, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, जॉन चेसन या इंग्रजाने १८६०च्या सुमाराला ते हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसवायला घेतले. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नाही, पाचगणी आहे, हे त्यामागचे साधे गणित. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आले की आणखी कितीतरी कमी. चेसन इथेच राहिला आणि इथेच त्याची कबर आहे. त्याच्यामागून बंगले आले, सिल्व्हर ओक आले, मग इंग्रजी शाळा आल्या.

लसीच्या कारभाराला हे गाव अडचणीचे. टोचण्याचा मोसम हिवाळ्याचा, साधारण ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत. त्यानंतर उन्हाने लस मरते आणि जूनमध्ये वाटा बंद होतात. पण देवीची साथ आपल्याकडे जोर धरी ती हिवाळा सरताना आणि उन्हाळ्यात. पाचगणीचा सीझन म्हणजे एप्रिल-मे. मुंबई-पुण्याची कुटुंबे, त्यांचे नोकर, स्वयंपाकी, आया, हमाल, घोडेवाले हे सगळे नेमके तेव्हा घाट चढून येणार, जेव्हा टोचणाऱ्याच्या वह्या मिटलेल्या असणार. बंगल्यातल्या साहेबाच्या पोरांना डॉक्टरने टोचलेले असे. आयाच्या पोराचे नाव कोणत्या वहीत? मुंबईच्या की पाचगणीच्या? गावच्या जन्मनोंदीत ते नसेच, कारण ते इथे जन्मलेले नाही.

या जन्मनोंदीवर सगळा डोलारा उभा होता. गावात जन्म-मृत्यू लिहिण्याचे काम पाटील-कुलकर्ण्यांकडे. टोचणारा आला की आधी चावडीवर जाऊन ती वही मागायचा, गेल्या खेपेनंतर जन्मलेल्यांची यादी उतरवून घ्यायचा, मग कोतवाल दवंडी देई आणि वाड्यावाड्यांना निरोप जाई. वही नीट असेल तर यादी नीट. पण जन्म नोंदवायला बाप कधी येई, कधी नाही, आणि डोंगरउतारावरच्या धनगरवाड्यांची, कातकऱ्यांच्या झोपड्यांची नोंद करायला पाटील मुद्दाम उठून जाईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. वहीत नाव नाही म्हणजे ते मूल सरकारच्या दृष्टीने जन्मलेलेच नाही आणि म्हणून ते टोचायचे राहिलेलेही नाही. टक्केवारी चांगली दिसायला याहून सोपा मार्ग नाही.

सक्तीचा कायदा मुंबई शहराला १८७७ मध्ये लागू झाला. जिल्ह्यांसाठी तो १८९२ मध्ये आला, तोही सरकारने अधिसूचना काढून जी ठिकाणे नेमली तिथेच. मूल सहा महिन्यांचे झाले की ते टोचून घेणे ही आईबापांची जबाबदारी, टोचल्यावर तपासणीला आणायचे, लस साधली असेल तर दाखला मिळायचा, टाळाटाळ केली तर दंड. पण कायद्याने दंडाची तरतूद केली, टोचणाऱ्यांची संख्या काही वाढवली नाही. एका माणसाकडे डझनावारी गावे आणि त्या गावांच्या वाड्या. तपासणीसाठी तो ठरल्या दिवशी परत आलाच नाही, तर दोष कोणाचा? कागदावर तरी आईबापांचा.

इथे दोन धन्यांचा घोळ जाणवू लागतो. टोचणाऱ्याने कोणत्या गावी कधी जायचे, किती टोचायचे, हे ठरवणार उपसॅनिटरी कमिशनर. तो वर्षातून एकदोनदा दौऱ्यावर येणार, पाचपन्नास दंड उघडून व्रण मोजणार आणि शेरा मारून जाणार. पगार, भत्ता, प्रवासखर्च मंजूर करणार लोकल बोर्ड, आणि नंतरच्या काळात डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड. बोर्डात बसणारे इनामदार-सावकार-वकील यांना रस्ता दिसतो, पूल दिसतो, शाळेची इमारत दिसते. न झालेली देवी दिसत नाही. टंचाईच्या वर्षी कात्री लावायची वेळ आली, तर ती आधी कुठे लागेल हे सांगायला नको. शहरात म्युनिसिपालिटीची तीच तऱ्हा. तिने आपला टोचणारा आपल्या पैशाने ठेवायचा, पण त्याच्यावर साहेबी कमिशनरच्या खात्याची. पुढे पाचगणीलाही म्युनिसिपालिटी आली आणि हद्दीचा प्रश्न उभा राहिला. बाजारातले घर म्युनिसिपालिटीचे, उतारावरची वाडी बोर्डाची. दोन्हीकडची पोरे मात्र एकाच ओढ्यावर खेळणारी.

हातावरून हातावर लस नेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडत गेली आणि वासरांवर तयार केलेली लस आली. वासराच्या पोटावरचे केस भादरून, कातडीवर ओरखडे काढून त्यांत लस चोळायची. पाचसहा दिवसांनी फोड खरवडून घ्यायचे, तो गर वाटून ग्लिसरिनमध्ये मिसळायचा आणि बारीक काचनळ्यांत भरायचा. विसाव्या शतकात आपल्या भागाला ही लस पुरवणारे ठिकाण म्हणजे बेळगावची व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट. नळ्या टपालाने तालुक्याला येत. आता टोचणाऱ्याला पोर न्यावे लागत नव्हते आणि जातीचा तंटाही मिटला. पण नळीतली लस उष्णतेला फार हळवी. टपालाच्या थैलीत ती दोन दिवस उन्हात पडली तर टोचून उपयोग शून्य, आणि ते कळणार आठवड्याने, दंडावर काहीच उठले नाही की. पाचगणीच्या थंड हवेने लस थोडी जास्त टिकली असेल, पण ती पाचगणीला पोचायची वाई-साताऱ्याच्या उन्हातूनच.

टोचण्याचे हत्यारही लोकांच्या लक्षात राहिले. दांड्याच्या टोकाला धातूची वाटोळी चकती आणि तिला खालून काटे. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, चकती त्यावर दाबायची आणि गर्रकन फिरवायची. असे दोन किंवा चार ठिकाणी. देवी काढणारे आलेत असे कळले की पोरे माळ्यावर, गोठ्यात, कणगीमागे लपत, ती या चकतीच्या भीतीने. चांगली साधली की आठवडाभर ताप, खाज, मग खपली, आणि जन्मभराचा रुपयाएवढा खोलगट व्रण. आज साठीच्या पुढे असलेल्या कोणाच्याही दंडावर तो पाहायला मिळेल. त्याहून तरुण माणसाच्या डाव्या दंडावर एकच लहान व्रण दिसतो, तो बहुधा क्षयाच्या बीसीजी लसीचा.

मध्ये प्लेग येऊन गेला. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला प्लेगने फार हाल केले. याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेगच्या लसीची सक्ती नव्हती. टोचून घेणाऱ्याला दाखला मिळे आणि तो दाखवला की विलगीकरणाच्या जाचातून काही सूट. गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्यांनी धास्तावलेल्या लोकांना हे आमिष वाटले की धमकी, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर. त्या वर्षांनी एक नुकसान मात्र केले. देवी काढणारा गरीब बिचारा चौदा रुपयांचा माणूस, तोही आता प्लेगवाल्यांपैकी एक समजला जाऊ लागला.

पाचगणीच्या या कथेत एक पाहुणा असा आहे, की त्याचे नाव लसीच्या संदर्भात घ्यायला लोक कचरतात. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी त्या वर्षीच्या जुलैत पाचगणीला आले आणि ‘दिलखुशा’ बंगल्यात राहिले. नंतरही ते इथे येऊन गेले. देवीच्या लसीला त्यांचा उघड आणि जुना विरोध होता. जनावराच्या अंगातून काढलेली वस्तू माणसाच्या रक्तात घालणे त्यांना अमंगळ वाटे, आणि दक्षिण आफ्रिकेत असतानाच त्यांनी तसे लिहिले होते. १९३० मध्ये, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा लहानगा वसंत त्यांतलाच. गांधीजी मुळापासून हलले, पण मत बदलले नाही, आणि खरे त्यांच्याबरोबर दांडीला चालत गेले. ज्या इलाख्यात देवी न काढणाऱ्या बापाला दंड होऊ शकत होता, त्याच इलाख्यातल्या पाचगणीत देशाचा सर्वांत मोठा पुढारी लस न मानणारा होता. गावच्या टोचणाऱ्याला ही गोष्ट कोणी चावडीवर ऐकवली असेल तर त्याने काय उत्तर दिले असेल, याचे मला कुतूहल आहे. अशा वेळी कायदा कामी येत नाही. टोचणारा कोणाच्या ओळखीचा आहे, त्याने गेल्या साली टोचलेली पोरे बरी आहेत ना, एवढेच कामी येते.

पाचगणीला दुसऱ्या एका रोगाने नाव मिळवून दिले. क्षयरोग्यांसाठी डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल एअर आरोग्यधाम काढले. कोरडी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच तेव्हा क्षयावर उपाय. बीसीजीची लस देशभर मोठ्या प्रमाणात द्यायला सुरुवात झाली १९५१ मध्ये. ती देण्याची तऱ्हा देवीहून अगदी वेगळी. फिरती पथके येत, आधी हातावर चाचणीची सुई, तीन दिवसांनी सूज मोजायची, मग ज्यांना गरज त्यांना लस, आणि पथक पुढच्या गावी. ना बोर्ड मध्ये, ना पाटलाची वही. कामाचा झपाटा दांडगा. पण पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या पोरांचे काय, याचे उत्तर पथकाकडे नसते. ते ज्याच्याकडे असते तो गावातच राहणारा असतो.

स्वातंत्र्यानंतर जिल्हाच फिरला. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली झाला. औंध, मिरज, सांगली या संस्थानांनी आपापल्या परीने चालवलेले दवाखाने आणि टोचणारे एका छत्राखाली आणताना पगारश्रेण्या, ज्येष्ठता, वह्यांचे नमुने यांचा काय गोंधळ झाला असेल, ते सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही सांगायला नको. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, म्हणजे लसीचे आपले जुने घर परराज्यात गेले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्ड संपले. देवी काढणारे आता जिल्हा परिषदेचे नोकर, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली.

त्याच वर्षी देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लक्ष्य होते ऐंशी टक्के लोकांना टोचण्याचे. आकडे भराभर जमले, कधीकधी लोकसंख्येच्या वर गेले, आणि देवी मात्र हटेना. कारण लवकरच कळले. आकडा भरायचा तर टोचणारा शाळेत जातो. तिथे पोरे रांगेत उभी मिळतात, मास्तर शिस्त लावतो, तासाभरात शंभर होतात. तीच पोरे दर दोनतीन वर्षांनी पुन्हा. पाळण्यातले पोर, ज्याला खरी गरज, ते वाडीवर राहते. शाळांसाठी नावाजलेल्या गावात तर आकडा भरणे किती सोपे, याचा विचार करून पाहावा.

शेवटी पद्धत बदलली. हळव्या द्रव लसीच्या जागी कोरडी, उन्हात टिकणारी लस आली. तीही पुढे बेळगावलाच तयार होऊ लागली. काट्यांच्या चकतीच्या जागी दोन टोकांची बारीक सुई आली, पंधरा हलके टोचे आणि काम झाले. सगळ्यांना टोचण्याऐवजी रोगी शोधा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचा, असे धोरण ठरले. बाजारात, शाळांत रोग्याचे चित्र दाखवून विचारले जाऊ लागले, की असे कोणी पाहिले का? रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लागले, ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेले. भारतातली शेवटची रोगी, सैबान बीबी, २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंज इथे आढळली.

देवी गेल्यावर देवी काढणाऱ्यांचे करायचे काय? कर्तारसिंग समितीने १९७३ मध्येच सांगून ठेवले होते, की मलेरियावाला, देवीवाला असे वेगवेगळे नोकर ठेवण्याऐवजी सगळी कामे करणारा एकच आरोग्यसेवक असावा. जुन्या टोचणाऱ्यांना त्यात सामावून घेतले आणि त्यांच्या हाती हिवतापाच्या रक्तनमुन्याच्या काचपट्ट्या आल्या. लस टोचण्याचे काम मात्र १९७८ नंतरच्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात हळूहळू नर्सबाईंकडे गेले. शतकाहून अधिक काळ बाळंतिणीच्या दारात परका पुरुष उभा राहत होता, ही चूक कोणाच्या ध्यानात यायला एवढा वेळ लागला. आणि आरोग्य उपकेंद्र किती लोकांमागे एक, हे ठरवताना सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार असा फरक केला गेला. लोकल फंडाच्या काळात टोचणाऱ्याला वाईच्या सपाटीवरच्या गावाला आणि पसरणी घाटाच्या वरच्या वाडीला जाण्याचा पगार एकच होता.